मोटर नियंत्रणासाठी मायक्रोकंट्रोलर बोर्डाची जुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कार्यशाळेत तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी, मोटर वाइंडिंग करणारे कारागीर आणि दिंडोरी-निफाडकडचे काही हौशी शेतकरी येत असतात. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. येथील विवेचन १२ ते ४८ व्होल्टच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोटरींपुरते आहे; कृषिपंपाचा प्रश्न वेगळा असल्याने तो शेवटी घेतला आहे. बहुतेकांना मोटर फिरलेली पाहण्याची घाई असते. आम्ही मात्र प्रत्येकाला आधी हे विचारतो की प्रोग्रॅम अडकला, वायर निसटली किंवा बोर्ड रीसेट झाला तर ही मोटर थांबणार कशी. पुढील बहुतेक उत्तरे या प्रश्नाभोवतीच फिरतात.

प्रश्न : सुरुवातीला कोणता बोर्ड घ्यावा?

एकच ब्रशवाली डीसी मोटर कमी-जास्त वेगाने फिरवायची असेल, तर अर्डुइनो उनो पुरेसा आहे. त्यावरील एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप) १६ मेगाहर्ट्झवर चालतो, ५ व्होल्टचे संकेत देतो आणि शिकाऊ हाताच्या चुका बऱ्यापैकी सोसतो. तीन फेजची ब्रशलेस मोटर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सायकलीच्या चाकात असते तशी मोटर, फिरवायची असेल, तर मात्र मोटरसाठीच घडवलेला टायमर (ठोके मोजून वेळेवर संकेत देणारा भाग) ज्या चिपमध्ये आहे तीच निवडावी. एसटीएम३२एफ१०३ या चिपमधील टायमर १ तसा आहे. तो परस्परविरुद्ध संकेतांच्या तीन जोड्या देतो, जोडीतील एक संकेत बंद होणे आणि दुसरा सुरू होणे यांमध्ये ठरावीक मोकळा वेळ सोडतो, आणि एका वेगळ्या पिनेवर धोक्याचा संकेत आला की प्रोग्रॅमची वाट न पाहता सर्व आउटपुट बंद करतो. बाजारात ब्लू पिल या नावाने मिळणारा निळा बोर्ड याच चिपचा आहे.

ज्यांना सुटे भाग जोडत बसायचे नसतील, त्यांनी न्यूक्लिओ मालिकेतील बोर्ड घ्यावा, कारण प्रोग्रॅम चढवण्याचे साधन त्यावरच बसवलेले असते. त्यावर थेट बसणारा एक्स-न्यूक्लिओ-आयएचएम०७एम१ हा जोडबोर्ड ८ ते ४८ व्होल्टपर्यंत चालतो आणि कमाल २.८ अँपिअर देतो. छोट्या मोटरींसाठी हा सर्वांत बिनधोक मार्ग आहे. मात्र सायकलीच्या चाकातील मोटरीला तो पुरणार नाही.

प्रश्न : ब्लू पिलवरील चिप अस्सल आहे, हे कसे ओळखावे?

छापील नावावरून ओळखता येत नाही, कारण नक्कल करणारा नावही छापतो. एसटी-लिंक (चिपवर प्रोग्रॅम चढवण्याचे छोटे साधन) जोडून प्रोग्रॅम चढवू लागल्यावर सॉफ्टवेअर चिपचा ओळख क्रमांक वाचते. अस्सल एसटीएम३२एफ१०३ चा क्रमांक १ ने सुरू होतो, तर पुष्कळशा नकली चिपांचा २ ने, आणि मग सॉफ्टवेअर अनोळखी चिप म्हणून काम थांबवते. नकली चिप मोटर फिरवणारच नाही असे नाही; दिवे लुकलुकवण्याच्या कामात तर फरक जाणवतही नाही. आमचे मत असे, की संरक्षणाच्या वैशिष्ट्यांवर विसंबायचे असेल तिथे ज्या चिपचे माहितीपत्रकच हाती नाही, ती वापरू नये.

याच बोर्डाच्या बऱ्याच प्रतींमध्ये यूएसबीच्या डेटा वायरवरील रेझिस्टर १.५ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा असतो आणि त्यामुळे काही संगणक तो ओळखत नाहीत. मोटरीच्या कामात हे यूएसबी वापरावेच लागत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : सरावासाठी पहिली मोटर कोणती घ्यावी?

आपल्या भागात याचे उत्तर जवळजवळ प्रत्येक द्राक्षबागेच्या शेडमध्ये पडलेले असते. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्टची ब्रशवाली मोटर आणि तिच्यापुढे डायाफ्रॅमचा पंप असतो. टाकी फुटली किंवा बॅटरी बसली की पंप अडगळीत जातो, पण मोटर बहुधा चांगली असते. तिचा करंट काही अँपिअर इतका म्हणजे चूक लक्षात येण्याइतका मोठा आणि हातून काही जळण्याआधी सावरता येण्याइतका लहान असतो. शिवाय नळी दाबून धरली की भार वाढतो, सोडली की कमी होतो, त्यामुळे भाराचा परिणाम पाहण्यासाठी वेगळी मांडणी करावी लागत नाही. पंप आधी स्वच्छ पाण्याने पुष्कळदा धुऊन घ्यावा आणि हातमोजे वापरावेत. आत कोणते औषध राहिले आहे हे कोणालाच आठवत नसते.

प्रश्न : मोटर थेट बोर्डाच्या पिनेला का जोडता येत नाही?

पिनेचे काम सांगण्याचे आहे, ओझे उचलण्याचे नाही. एटीमेगा३२८पीच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि एसटीएम३२एफ१०३ ची २५ मिलिअँपिअर. फवारणी पंपाची मोटर याच्या शंभरपट मागते. म्हणून मध्ये मॉसफेट, म्हणजे गेट या टोकावरील संकेताने चालणारा स्विच, आणि त्याला चालवणारा गेट ड्रायव्हर लागतो. मॉसफेट ‘उघडतो’ याचा येथे अर्थ तो करंट वाहू देतो असा आहे.

दुकानात बहुधा एल२९८एनचा लाल बोर्ड पुढे केला जातो. तो जुन्या धाटणीचा आहे. त्यातील ट्रान्झिस्टर स्वतःवरच बरेच व्होल्टेज खातात. २ अँपिअर करंटला ही घट ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरीच्या वाट्याला सातच्या आसपास व्होल्ट येतात आणि उरलेल्यांची उष्णता होते. खेळण्यातल्या मोटरीला तो चालतो, फवारणी पंपाला नको.

मॉसफेट निवडताना गेटला किती व्होल्ट लागतात हे पाहणे महत्त्वाचे असते. आयआरएफझेड४४एन हा सहज मिळणारा मॉसफेट पूर्ण उघडण्यासाठी गेटवर १० व्होल्ट मागतो. त्याला ३.३ व्होल्ट दिले तर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि काही सेकंदांत निकामी होतो. ज्याला हे ठाऊक नसते तो मॉसफेटच खराब निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावतो. मोटरीला समांतर उलटा डायोडही हवा. तेथे १एन४००७ लावण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण तो १ अँपिअरचा आणि मंद गतीचा आहे. १एन५८२२ हा ३ अँपिअरचा शॉट्की डायोड छोट्या पंपाला पुरतो. करंट त्याहून जास्त असेल तर मोठा घ्यावा.

प्रश्न : बोर्डावर प्रोग्रॅम कसा चढवावा?

एसटीएम३२साठी क्यूब आयडीई हे निर्मात्याचे मोफत सॉफ्टवेअर बसवावे आणि एसटी-लिंकच्या चार वायरी जोडाव्यात: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके. शेवटच्या दोन वायरी पीए१३ आणि पीए१४ या पिनांवर जातात, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये त्या पिना दुसऱ्या कामाला लावू नयेत. लावल्यास बोर्ड पुढच्या वेळी संगणकाला ओळख देत नाही. तसे झालेच, तर रीसेटचे बटण दाबून धरून जोडणी सुरू करावी आणि मग बटण सोडावे. चिपने सुरू होताना प्रोग्रॅम कोठून घ्यायचा हे ठरवणारा बूट०चा जंपर नेहमीच्या वापरात शून्यावर ठेवावा. पहिला प्रोग्रॅम पीसी१३ वरील दिवा लुकलुकवण्याचा असावा, आणि हा दिवा पिनेवर शून्य आल्यावर लागतो, हे लक्षात ठेवावे.

हे सर्व होईपर्यंत मोटरीची बॅटरी टेबलावरही ठेवू नये, असा आमच्याकडे दंडक आहे. काहींना तो जाच वाटतो.

प्रश्न : पीडब्ल्यूएमची वारंवारता किती ठेवावी?

पीडब्ल्यूएम म्हणजे मॉसफेटची झपाट्याने उघडझाप करून मोटरीचा वेग ठरवणे; त्यात उघडे राहण्याच्या वेळेचे प्रमाण म्हणजे ड्यूटी. अर्डुइनोच्या तयार आज्ञेतून बहुतेक पिनांवर सुमारे ४९० हर्ट्झ आणि ५ व ६ या पिनांवर सुमारे ९८० हर्ट्झ मिळतात. या वारंवारतेला मोटर कर्कश किणकिणते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ असल्याने १६ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. त्याहून वर नेल्यास आवाजात काही साधत नाही, उलट प्रत्येक उघडझापीत मॉसफेट थोडा तापत असल्याने उष्णता वाढते.

हिशेब सोपा आहे. एसटीएम३२एफ१०३ चा टायमर ७२ मेगाहर्ट्झवर चालतो. मध्यकेंद्री पद्धतीत तो वर मोजत जातो आणि तसाच खाली येतो, म्हणून ७२ मेगाहर्ट्झला २० किलोहर्ट्झच्या दुपटीने भागल्यास १८०० ही मोजणीची मर्यादा येते. उनोवर ९ आणि १० या पिनांचा टायमर याच पद्धतीने वापरून मर्यादा ४०० ठेवली, की तेथेही नेमके २० किलोहर्ट्झ मिळतात.

प्रश्न : डेड टाइम म्हणजे काय आणि तो किती ठेवावा?

तीन फेजच्या मोटरीत प्रत्येक फेजला दोन मॉसफेट असतात. वरचा बॅटरीच्या धनाला जोडतो, खालचा ऋणाला. हे दोन्ही एकाच वेळी उघडे राहिले, तर बॅटरी थेट शॉर्ट होते आणि मोटरीचा संबंधच उरत नाही. मॉसफेट बंद होण्याचा हुकूम मिळाल्यावर लगेच बंद होत नाही. गेटवरचा विद्युतभार उतरायला वेळ लागतो. म्हणून एकाला बंद करणे आणि दुसऱ्याला उघडणे यांमध्ये जी क्षणभर उसंत ठेवतात, ती डेड टाइम.

टायमर १ मध्ये ही उसंत घड्याळाच्या ठोक्यांत सांगावी लागते. ७२ मेगाहर्ट्झला एक ठोका सुमारे १३.९ नॅनोसेकंदांचा असतो, म्हणून ७२ हा आकडा भरला की बरोबर १ मायक्रोसेकंद मिळतो. नवशिक्याने येथून सुरुवात करावी आणि ऑसिलोस्कोपवर (संकेतांचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) दोन्ही गेटांचे संकेत एकाखाली एक पाहिल्याशिवाय हा आकडा कमी करू नये. फार जास्त ठेवल्यास काही जळत नाही. कमी वेगाला मोटर किंचित खडबडीत फिरते, एवढेच.

गेट ड्रायव्हरची निवडही याच्याशी निगडित आहे. आयआर२१०१ मध्ये वरच्या आणि खालच्या मॉसफेटचे इनपुट वेगवेगळे असतात आणि त्यात स्वतःचा डेड टाइम नसतो, म्हणजे सगळी जबाबदारी टायमरवर येते. आयआर२१०४ मध्ये एकच इनपुट असतो. तो वर गेला की वरचा मॉसफेट उघडतो, खाली आला की खालचा, आणि मध्ये सुमारे ५२० नॅनोसेकंदांची उसंत तो स्वतःच ठेवतो. शिवाय त्याला एसडी नावाची पिन आहे. ती खाली ओढली की दोन्ही मॉसफेट बंद राहतात. त्याची एक अडचण सांगायलाच हवी. ३ व्होल्टच्या खालच्या संकेताला तो ‘वर’ मानेलच, अशी हमी त्याचे माहितीपत्रक देत नाही, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या बोर्डासोबत हाताशी जेमतेम ०.३ व्होल्टचे अंतर उरते. वायरी लांब असतील किंवा ग्राउंड भक्कम नसेल, तर तेवढे अंतर गोंगाटातच संपते.

दोन्ही ड्रायव्हर वरच्या मॉसफेटसाठी लागणारे व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठवतात आणि खालचा मॉसफेट उघडतो तेव्हाच तो कपॅसिटर पुन्हा भरतो. म्हणून ड्यूटी १०० टक्के कधीच करू नये. ९५ टक्क्यांवर थांबावे.

प्रश्न : बोर्ड रीसेट होताना किंवा प्रोग्रॅम चढवताना मोटर आपोआप झटका का देते?

रीसेटपासून प्रोग्रॅम पिनांची मांडणी करेपर्यंतच्या काळात बहुतेक पिना तरंगत्या असतात, म्हणजे त्या वरही नसतात आणि खालीही नसतात. ड्रायव्हरला त्या क्षणी जे वाटेल ते तो करतो. यावर उपाय साधा आहे: ड्रायव्हरच्या प्रत्येक इनपुटवरून आणि एसडीवरून ग्राउंडकडे १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावावा. म्हणजे बोर्ड झोपलेला असो, रीसेटमध्ये असो की काढून ठेवलेला असो, मॉसफेट बंदच राहतात.

दुसरे कारण अधिक फसवे आहे आणि त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. टायमर १ च्या तीन वाहिन्या पीए८, पीए९ आणि पीए१० या पिनांवर आहेत. चिपमधील अंगभूत बूटलोडर सीरियल मार्गाने प्रोग्रॅम घेतो, तो पीए९ आणि पीए१० वरूनच. सीरियल मार्ग रिकामा असतो तेव्हा त्याची पातळी वर असते. माझ्या पहिल्या बोर्डावर मी तीनही आयआर२१०४च्या एसडी पिना आळसाने थेट ३.३ व्होल्टला बांधल्या होत्या आणि बॅटरी जोडलेली असतानाच सीरियल मार्गाने प्रोग्रॅम चढवायला घेतला. पीए८ खाली, पीए१० वर. एका फेजचा खालचा मॉसफेट आणि दुसऱ्याचा वरचा उघडला, आणि मोटर न फिरता वाइंडिंगमधून सरळ करंट वाहू लागला. मी पडद्यावर प्रोग्रॅम किती टक्के चढला ते पाहत होतो. वार्निशचा वास आल्यावर मान वळवली. तेव्हापासून एसडी पिना मायक्रोकंट्रोलरच्या वेगळ्या पिनांवर नेतो, प्रोग्रॅम एसटी-लिंकनेच चढवतो आणि संदेश पाहण्यासाठी पीए२ व पीए३ वरील दुसरा सीरियल मार्ग वापरतो.

प्रश्न : पहिल्यांदा वीज देताना काय काळजी घ्यावी?

करंटवर मर्यादा घालता येणारा वीजपुरवठा असेल, तर ती अर्ध्या अँपिअरवर ठेवावी. नसेल, तर मोटारगाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीच्या धन वायरीत ओळीने जोडावा. कोठेही शॉर्ट झाला तरी करंट सुमारे पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही आणि बल्ब लख्ख पेटून चूक दाखवतो. बल्ब मंद राहिला आणि मोटर हळू का होईना फिरली, तर बल्ब काढून योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. जुने वायरमन घरातील नव्या जोडणीला जी युक्ती वापरतात, तीच ही. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

बॅटरीच्या वायरी लांब असतील, तर मॉसफेटच्या अगदी जवळ कमी अंतर्गत रोधाचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्याच्या बाजूला छोटा सिरॅमिक कपॅसिटर असावा. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटकन पटत नाही: फिरती मोटर ब्रेकने एकदम थांबवली, की ती जनित्र होऊन वीज परत पाठवते. बॅटरी ती गिळते. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा वीजपुरवठा, ती गिळू शकत नाही, त्यामुळे व्होल्टेज चढत जाते आणि सर्वांत कमकुवत भाग फुटतो. म्हणून एसएमपीएसवर प्रयोग करताना मोटर सावकाश थांबवावी.

प्रश्न : मोटर फिरू लागली की बोर्ड मध्येच रीसेट का होतो किंवा संगणकाचा यूएसबी तुटतो का?

याला बहुतेक वेळा ग्राउंडची वायर जबाबदार असते. मोटरीचा करंट आणि बोर्डाचे संकेत एकाच बारीक वायरीतून परत येत असतील, तर त्या वायरीवर पडणारे व्होल्टेज बोर्डाला खऱ्या संकेतासारखे दिसते. मोटरीचा जाड परतीचा मार्ग वेगळा न्यावा, बोर्डाचा वेगळा न्यावा आणि दोन्ही कपॅसिटरच्या ऋण टोकाजवळ एकाच ठिकाणी मिळवावेत. ब्रेडबोर्डवर मोटरीचा करंट नेऊच नये. त्यातील पातळ पट्ट्या त्यासाठी नसतात.

प्रश्न : हॉल सेन्सरच्या तीन वायरी कोणत्या क्रमाने जोडाव्यात?

हॉल सेन्सर चुंबक ओळखून मोटर कोणत्या स्थितीत आहे ते सांगतात. ब्रशलेस मोटरीतून साधारणतः तीन जाड आणि पाच बारीक वायरी निघतात. बारीक वायरींत लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि उरलेल्या तीन संकेतांच्या असतात. सेन्सरचे आउटपुट फक्त खाली ओढू शकते, म्हणून प्रत्येक संकेतावर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर वर लावावा लागतो, तो ३.३ व्होल्टला लावावा. संकेतांसाठी पीबी६, पीबी७ आणि पीबी८ या पिना सोयीच्या आहेत, कारण त्या ५ व्होल्ट सहन करतात आणि टायमर ४ त्यांवरून वेगही मोजू शकतो.

मोटर हाताने सावकाश फिरवून तीनही संकेतांच्या स्थिती कागदावर लिहाव्यात. तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक असे कधीच येता कामा नये. मधल्या सहा स्थिती ठरावीक क्रमाने फिरत राहतात. चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात हे सहाचे चक्र जितक्या वेळा येते, तितक्या चुंबकध्रुवांच्या जोड्या मोटरीत असतात. तिन्ही एक अशी स्थिती दिसत राहिली, तर बहुधा सेन्सरला ५ व्होल्ट पोहोचलेले नसतात.

सेन्सरचा क्रम कायम धरून फेजच्या जाड वायरी जोडण्याचे सहाच मार्ग आहेत. कमी करंटवर ते एकेक करून पाहावेत. योग्य मार्गावर मोटर गुळगुळीत फिरते आणि सर्वांत कमी करंट घेते. काही चुकीच्या मार्गांवर ती थरथरते किंवा कुंथते, आणि काहींवर फिरते पण जास्त करंट घेते व लवकर तापते. ‘फिरली म्हणजे बरोबर’ असे मानणाऱ्याची फसगत येथेच होते. म्हणून सहाही मार्गांचे करंट लिहून मगच निवड करावी. प्रोग्रॅममध्ये, न होऊ शकणारी स्थिती दिसली की एसडी खाली ओढण्याची ओळ आधी लिहावी आणि सहा स्थितींचा तक्ता नंतर.

प्रश्न : करंट मोजणे खरेच गरजेचे आहे का?

होय. त्याविना अडकलेली मोटर आणि चालणारी मोटर यांतील फरक बोर्डाला समजत नाही. खालच्या मॉसफेटांच्या परतीच्या मार्गात ०.०१ ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठीचा रेझिस्टर) घातला, तर २० अँपिअरला त्यावर ०.२ व्होल्ट येतात आणि ४ वॅट उष्णता होते, म्हणून शंट त्याहून मोठ्या क्षमतेचा घ्यावा. एसटीएम३२एफ१०३ चे मापन १२ बिटांचे असल्याने एक पायरी सुमारे ०.८ मिलिव्होल्टची, म्हणजे येथे ०.०८ अँपिअरची होते. छोट्या मोटरीसाठी हे मोजमाप जाडेभरडे ठरते. मग मध्ये अँप्लिफायर लावावा. मोजण्याचा क्षण पीडब्ल्यूएमच्या मध्यावर ठेवावा, कारण उघडझापीच्या कडांवर जे दिसते तो बहुतांशी गोंगाट असतो.

प्रोग्रॅमने करंट पाहून मोटर थांबवणे ही दुसरी फळी झाली. पहिली फळी प्रोग्रॅमच्या बाहेर असावी: शंटवरील व्होल्टेज एलएम३९३ या तुलनाकाराला (दोन व्होल्टेज ताडून पाहणाऱ्या चिपला) द्यावे आणि त्याचे आउटपुट पीबी१२ या, टायमर १ च्या धोक्याच्या संकेताच्या पिनेवर न्यावे. मर्यादा ओलांडली की टायमर स्वतःच आउटपुट बंद करतो, मग प्रोग्रॅम कोठेही अडकलेला असो.

येथे एक खाचखळगा आहे. आयआर२१०१सोबत आउटपुट खाली आले की सर्व मॉसफेट बंद होतात, आणि तेच हवे असते. आयआर२१०४सोबत मात्र इनपुट खाली येणे याचा अर्थ खालचा मॉसफेट उघडणे असा असतो. तिन्ही खालचे मॉसफेट एकदम उघडले की फिरत्या मोटरीची तीनही टोके एकमेकांना शॉर्ट होतात, मोटर कचकन थांबू पाहते आणि मोठा करंट वाहतो. म्हणून आयआर२१०४ वापरणाऱ्याने तुलनाकाराचा संकेत एसडी पिनांपर्यंतही पोहोचवलाच पाहिजे.

प्रश्न : चुका शोधण्यासाठी प्रोग्रॅम मध्येच थांबवून पाहता येतो का?

बॅटरी जोडलेली असताना नाही. प्रोग्रॅम थांबतो, पण टायमर नेहमीच्या मांडणीत शेवटच्या ड्यूटीवर चालूच राहतो. पुढची स्थिती लावणारे कोणी नसल्याने एकाच वाइंडिंगमधून करंट वाहत राहतो. थांबून पाहण्याऐवजी सीरियल मार्गाने आकडे पाठवावेत. स्वतंत्र वॉचडॉग नेहमी सुरू ठेवावा. प्रोग्रॅम अडकला की तो बोर्ड रीसेट करतो, पिना तरंगत्या होतात आणि वर सांगितलेले १० किलोओहमचे रेझिस्टर मॉसफेट बंद करतात. ते रेझिस्टर नसतील, तर वॉचडॉगचा फारसा उपयोग नाही.

प्रश्न : नाशिकच्या हवामानाचा काही विचार करावा लागतो का?

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंशांच्या आसपास तापमान असताना पत्र्याच्या शेडमधील बंद डबीत ते कितीतरी अधिक असते, म्हणून थंडीत टेबलावर तपासलेला करंट उन्हाळ्यात तसाच गृहीत धरू नये. मॉसफेटच्या हीटसिंकला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) चिकटवून ठरावीक तापमानानंतर करंट कमी करणे, हा स्वस्त विमा आहे. द्राक्षबागेत वापरायच्या बोर्डाला उन्हापेक्षाही फवारणीचा धोका मोठा असतो: बोर्डो मिश्रणातील मोरचूद आणि गंधकयुक्त औषधे ओलाव्यासोबत तांब्याच्या रेषा खातात. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा रोखणाऱ्या लेपाचे) दोन हात द्यावेत, कनेक्टर झाकून ठेवावेत आणि वायरी डबीत खालून घ्याव्यात, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही.

प्रश्न : याच बोर्डाने विहिरीवरचा ५ एचपीचा पंप चालवता येईल का?

नाही. तीन फेजची ४१५ व्होल्टची वीज एकदिश केली की सुमारे ५८७ व्होल्ट होतात, आणि येथे सांगितलेला एकही भाग त्यासाठी नाही. वेग बदलायचा असेल, तर तयार व्हीएफडी (वारंवारता बदलून वेग ठरवणारे यंत्र) घ्यावा.

बोर्डाला तेथे दुसरे काम मात्र देता येते, आणि रात्रपाळीच्या विजेवर ‘ऑटो’च्या (वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या साधनाच्या) भरवशावर पंप सोडणाऱ्यांना तेच अधिक उपयोगाचे आहे. ५ एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. तिन्ही फेजच्या वायरींवर एससीटी-०१३सारखे उघडझाप होणारे करंट ट्रान्सफॉर्मर अडकवले, तर मुख्य वायर न कापता करंट मोजता येतो. एक फेज गेला की त्या वायरीचा करंट शून्यावर येतो आणि उरलेल्या दोन वायरींचा वाढतो. विहिरीचे पाणी संपले की तिन्हींचा एकदम घटतो. या दोन्ही प्रसंगी बोर्डाने एक रिले सोडायचा, आणि त्या रिलेचा संपर्क स्टार्टरच्या कॉइलच्या मार्गात, थांबवण्याच्या बटणाशी ओळीने असायचा. बोर्डाची वीज गेली तरी पंप बंदच राहील, अशा बाजूचा संपर्क निवडावा. मोटर सुरू होतानाचा मोठा करंट पाहून बोर्ड घाबरू नये, म्हणून पहिली काही सेकंदे त्याला मोजमापाकडे दुर्लक्ष करायला सांगावे, आणि कोरड्या विहिरीमुळे थांबलेला पंप किमान अर्धा तास पुन्हा सुरू होऊ देऊ नये. स्टार्टरच्या पेटीतील जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून करून घ्यावी.